फुप्फुसरोगांचे अंकीय गृहनिरीक्षण

दीर्घकालिक फुप्फुसविकार असलेल्या रुग्णाची श्वसनस्थिती त्याच्या घरीच उपकरणांनी मोजून ती माहिती दूरध्वनी वा संगणकजालामार्फत डॉक्टरांकडे पोहोचविण्याच्या पद्धतीस अंकीय गृहनिरीक्षण म्हणतात. ही पद्धत दम्यातही वापरतात. तथापि तिचा अभ्यास विशेषेकरून दीर्घकालिक रोधक फुप्फुसविकारासंबंधी झालेला आहे. या विकारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात व वायुकोश नाश पावतात. धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी भारतात चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या व विडीला कधीही न शिवलेल्या स्त्रियांतही तो आढळतो.

रोगाची वाढ संथ असते. परंतु मधूनमधून त्याचे तीव्र उद्रेक होतात. धाप वाढणे, बेडका वाढणे व बेडक्याला पूसारखा रंग येणे ही उद्रेकाची तीन मुख्य लक्षणे कॅनडातील अँथोनिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आधारभूत मानली. प्रत्येक उद्रेकानंतर श्वसनक्षमता पूर्ववत होतेच असे नाही. उपचार लवकर मिळाल्यास रुग्ण लवकर सावरतो. पण धापेची सवय झालेला माणस दोन-चार दिवस वाट पाहतो आणि अखेर रात्री-अपरात्री रुग्णालयात दाखल होतो. हे मधले दिवस वाचविणे हाच गृहनिरीक्षणाचा हेतू होय.

उपकरणांपैकी श्वसनमापक सर्वांत जुना असून तो जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १८४६ मध्ये प्रसिद्धीस आणला. जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही ०·७ पेक्षा कमी असणे, हे निदानास महत्त्वाचे ठरते. तळहातावर मावणारे अंकीय श्वसनमापक आता उपलब्ध आहेत. मात्र दैनंदिन निरीक्षणास ते तितकेसे उपयोगी नाहीत, कारण हे मापन रुग्णाच्या जोरावर अवलंबून असते आणि ज्याला धाप लागली आहे त्याच्याकडून नेमका तोच जोर होत नाही.

घरोघरी पोहोचले ते नाडी-ऑक्सिजनमापक (ऑक्सिमीटर). त्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. बोटातून तांबडा (सु. ६६० नॅनोमीटर) व अवरक्त (सु. ९४० नॅनोमीटर) असे दोन प्रकाश पाठवितात. ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन हे प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतात. शोषणाचा जो भाग नाडीबरोबर कमीजास्त होतो तो रोहिणीतील रक्तामुळे असतो. त्यावरून ऑक्सिजन-संपृक्ततेचा शेकडा काढला जातो. गार पडलेले बोट, नखांवरील रंग व हालचाल यांमुळे वाचन चुकते. याहून गंभीर दोष २०२० मध्ये अमेरिकेतील पाहणीत दिसून आला : उपकरण ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना प्रत्यक्ष रक्तात संपृक्तता ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३·६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११·७ टक्के होते. सावळ्या वर्णाच्या भारतीयांनी याची दखल घेणे अगत्याचे आहे. शिवाय हे उपकरण रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजत नाही. या विकाराच्या काही रुग्णांत ऑक्सिजन अधिक दिल्यास तो वायू साचून गुंगी येते. म्हणून उद्रेकात ऑक्सिजन देताना संपृक्तता ८८ ते ९२ टक्के ठेवतात. निरोग्याचा ९७ हा आकडा गाठण्यासाठी नातेवाइकांनी परस्पर ऑक्सिजनचा प्रवाह वाढविणे धोक्याचे असते.

या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत. इंग्लंडमध्ये मधुमेह, हृदय-अपयश व हा विकार असलेल्या ३,२३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१२) एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण निरीक्षित गटात ४·६ टक्के, तर इतरांत ८·३ टक्के आढळले. मात्र लाभाच्या मानाने खर्च फार मोठा ठरला. याउलट स्कॉटलंडच्या लोदियन भागात याच विकाराच्या २५६ रुग्णांवरील चाचणीत (२०१३) रुग्णालयात दाखल होण्याच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही. तेथे दोन्ही गटांना परिचारिकांची व डॉक्टरांची सारखीच मदत उपलब्ध होती, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. आकडे पाहून त्याच दिवशी निर्णय घेणारी व्यक्ती दुसऱ्या टोकास असली, तर यंत्राची स्वतःची भर थोडीच उरते. तशी व्यक्ती नसली, तर यंत्र नुसतीच नोंदवही ठरते.

महाराष्ट्रात या उपकरणाची सर्वसामान्यांना ओळख झाली ती कोव्हिड-१९ च्या साथीत. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्य-पथकांनी घरोघरी जाऊन तापमान व ऑक्सिजन-संपृक्तता मोजली. साथीच्या रोगात असे एखादे मापनही पुरेसा इशारा देऊ शकते. दीर्घकालिक विकारात मात्र एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, कारण एखाद्या रुग्णाची नेहमीची संपृक्तताच ९० टक्के असू शकते. त्यामुळे प्रकृती स्थिर असताना काही दिवस, ठरावीक वेळी, विश्रांतीनंतर मोजलेली मापे रुग्णाची स्वतःची पातळी म्हणून आधी नोंदवून ठेवावी लागतात. धाप, खोकला व बेडका यांविषयीच्या रोजच्या उत्तरांसह पुढील वाचनांची तुलना त्या पातळीशीच करतात.