थ्रेडला दर्जा देताना प्रश्न एकच : थांबलंय कोण?

विरार ते डहाणू रोड रोज प्रवास करणाऱ्याला शेड्युलिंग वेगळं शिकवावं लागत नाही. पालघर किंवा बोईसरहून लोकल पकडायची, मध्येच एखाद्या स्टेशनात ती बाजूला घेतली जाते, कुणीतरी वैतागून दारातून डोकावतं, शेजारून राजधानी धडधडत निघून जाते आणि मग आपल्याला सिग्नल मिळतो. विरारपर्यंत चार रूळ आहेत, त्यापुढे जायला एक आणि यायला एक. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली तेव्हाही रूळ दोनच होते. लोकल, लांबच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या सगळ्यांना त्यावरूनच जायचं. एमयूटीपी-३ मध्ये दोनाचे चार करायचं काम हाती घेतलंय, पण तोवर कोणी आधी जायचं हे कंट्रोलर ठरवणार.

तुमच्या लॅपटॉपमध्येही हेच चालतं. रूळ म्हणजे कोअर, गाड्या म्हणजे थ्रेड, आणि कंट्रोलर म्हणजे शेड्युलर. चालायला तयार असलेले थ्रेड कोअरपेक्षा जास्त झाले की कुणाला तरी लूपवर थांबावं लागतं. कुणाला, हा आजचा विषय.

जुनी पद्धत आकड्याची. लिनक्समधली नाइस व्हॅल्यू तुम्ही पाहिली असेल : उणे २० ते १९. आकडा जितका मोठा, तितका थ्रेड ‘सभ्य’, म्हणजे दुसऱ्याला वाट देणारा. प्रत्येक पायरीला वजन साधारण सव्वापटीने बदलतं. नाइस ० चं वजन १०२४, नाइस १९ चं फक्त १५. एकाच कोअरवर हे दोघं भांडत असतील तर दुसऱ्याच्या वाट्याला दीड टक्काही येत नाही. (सहज ताळा करून बघा, १५ भागिले १०३९.) गणित स्वच्छ आहे. अडचण अशी की प्रोग्राम लिहिणाऱ्याने ७ द्यायचा की १२, हे कशावरून ठरवायचं? शेजारच्या अॅपने काय दिलंय हे त्याला माहीतच नसतं.

म्हणून २०१४ मध्ये ॲपलने आयओएस ८ आणि मॅकच्या योसेमिटीसोबत क्वालिटी ऑफ सर्व्हिस, थोडक्यात क्यूओएस, आणलं. इथे आकडा विचारत नाहीत, कामाचं स्वरूप विचारतात. मुख्य वर्ग चार. बोट स्क्रीनवर असताना जे हलायला हवं ते ‘यूजर इंटरॅक्टिव्ह’. तुम्ही फाइल उघडायला सांगून तिच्याकडे बघत बसलाय, ते ‘यूजर इनिशिएटेड’. प्रगतीची पट्टी दिसतेय पण तुम्ही चहा घेऊन आलात तरी चालेल, ते ‘युटिलिटी’. आणि जे चाललंय हेही तुम्हाला कळत नाही, उदाहरणार्थ बॅकअप किंवा शोधासाठीची सूची बनवणं, ते ‘बॅकग्राउंड’. आत शेवटी आकडेच आहेत. एक्सएनयू कर्नलचा सोर्स खुला आहे, उघडून पाहा. पण त्या वर्गावरून आणखीही गोष्टी ठरतात : डिस्कवरची पाळी, टायमर किती ढिला ठेवायचा, आणि कोणत्या प्रकारचा कोअर मिळणार.

इथे बहुतेकांची गल्लत होते ती ‘महत्त्वाचं’ या शब्दावर. तुमचं मॉडेल ट्रेनिंग तुमच्यासाठी जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम असेल, त्यावर पीएचडी अडली असेल. तरी ते युटिलिटी. उलट मराठी कीबोर्डवर ‘क्ष’ उमटवणं हे अगदी क्षुल्लक काम, पण तो वर्ग सगळ्यात वरचा, कारण तिथे माणूस या क्षणी थांबलाय. दर्जा कामाच्या थोरवीला मिळत नाही, वाट बघण्याला मिळतो. (या कसोटीवर रेल्वेचा क्रम मला पटत नाही. तारापूर एमआयडीसीतल्या पाळीला वेळेवर पोचायचं असलेला माणूस लोकलमध्येच बसलेला असतो. पण रेल्वेने दर्जा गाडीला दिलाय, त्याच्या वाट बघण्याला नाही.) आणि सगळ्यांनीच आपलं काम वरच्या वर्गात टाकलं तर वर्ग उरतच नाही, सगळ्याच गाड्या राजधानी.

अजून एक मर्यादा. हे वर्ग म्हणजे ‘शक्यतो लवकर’ असं सांगणं आहे, ‘इतक्या मिलिसेकंदांच्या आत’ अशी हमी नव्हे. १९६९ पासून वीज बनवणारं तारापूरचं अणुकेंद्र बोईसरहून जवळच आहे. अणुभट्टी बंद करणाऱ्या यंत्रणेला ‘शक्यतो’ चालत नाही. तो हार्ड रिअल-टाइमचा प्रांत, त्याची शिस्त निराळी.

आता खरा गुंता. समजा राजधानीला सगळ्यात वरचा दर्जा आहे, पण तिच्या पुढे त्याच रुळावर मालगाडी आहे. राजधानीचा दर्जा कितीही मोठा असो, ती मालगाडीच्या वेगानेच जाणार. थ्रेडच्या जगात तो रूळ म्हणजे लॉक. खालच्या दर्जाच्या थ्रेडने लॉक घेतलं, वरच्याला तेच हवंय, म्हणून तो थांबला. एवढं तरी ठीक आहे, खालचा काम संपवून लॉक सोडेल. पण तेवढ्यात मधल्या दर्जाचे थ्रेड येतात. त्यांना त्या लॉकशी काही देणंघेणं नाही, ते फक्त कोअर बळकावतात. खालच्याला चालायला मिळत नाही, लॉक सुटत नाही, आणि सगळ्यात वरचा मधल्यांच्या मागे ताटकळतो. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

हे पुस्तकी नाही. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाची मोजणी करणाऱ्या खालच्या टास्ककडे म्युटेक्स होतं, माहितीची बस सांभाळणारं वरचं टास्क त्यासाठी थांबलं होतं, आणि मध्ये संदेशवहनाचं टास्क घुसलं. वरचं काम वेळेत होत नाही हे पाहून यंत्रणाच सगळं रीसेट करायची. पृथ्वीवरून त्या म्युटेक्सची एक सेटिंग बदलून पाठवली आणि प्रश्न मिटला.

ती सेटिंग म्हणजे प्रायॉरिटी इनहेरिटन्स, अग्रक्रमाचा वारसा. कंट्रोलर काय करेल? मालगाडीला पुढच्या लूपपर्यंत सगळे सिग्नल हिरवे देईल. तेवढ्या अंतरापुरती मालगाडी राजधानीच्या दर्जाने धावते, बाजूला गेली की पुन्हा मालगाडी. लॉक धरणाऱ्या थ्रेडलाही, लॉक सुटेपर्यंत, वाट बघणाऱ्याचा दर्जा मिळतो. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा १९९० चा पेपर यावरचा मूळ पेपर मानला जातो. ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन संशोधन करणार असाल तर तो मुळातून वाचा, सारांशावर भागवू नका.

पण वारसा द्यायचा तर लॉक कुणाकडे आहे हे सिस्टिमला कळायला हवं. म्युटेक्सला मालक असतो. सेमाफोरला नसतो, सिग्नल कोणीही देऊ शकतो, त्यामुळे क्यूओएस असलेल्या सिस्टिमवर सेमाफोरवर ताटकळणारा वरचा थ्रेड खरोखर ताटकळतो. स्पिनलॉकचं तर याहून वाईट : वरचा थ्रेड ‘सुटलं का, सुटलं का’ विचारत कोअर अडवून फिरत राहतो आणि ज्याने सोडायचं त्यालाच कोअर मिळत नाही. ॲपलने जुनं ओएस स्पिनलॉक २०१६ मध्ये मोडीत काढलं त्यामागे हेच कारण. लिनक्सवर साधं पीथ्रेड म्युटेक्स वारसा आपोआप देत नाही, तो प्रोटोकॉल मागून घ्यावा लागतो. हे कितीतरी जणांना शेवटपर्यंत माहीत नसतं.

हे सगळं तुमच्या प्रबंधापर्यंत कसं पोचतं? एम-१ चिपमध्ये चार वेगवान आणि चार काटकसरी कोअर आहेत. बॅकग्राउंड वर्गातला थ्रेड काटकसरी कोअरवरच चालतो, वेगवान चारही रिकामे बसले असले तरी. म्हणजे तुमचा प्रोग्राम टर्मिनलमधून चालवलात तेव्हाचा वेळ आणि तोच रात्री बॅकग्राउंड प्रकारचं काम म्हणून लावलात तेव्हाचा वेळ, ही एकाच अल्गोरिदमची दोन मोजमापं नाहीत, दोन वेगळ्या कोअरची आहेत. तक्त्यात ती शेजारी-शेजारी ठेवून ‘आमची पद्धत वेगवान’ असं लिहिलं तर परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारेल, आणि विचारायलाच हवा.

तेव्हा मोजण्याआधी मॅकवर ‘टास्कपॉलिसी’ आणि लिनक्सवर ‘नाइस’, ‘आयओनाइस’, ‘टास्कसेट’ या कमांडची मॅन्युअल पानं वाचा. एकच प्रोग्राम आधी साधा आणि मग टास्कपॉलिसीला उणे बी देऊन चालवा, फरक स्वतः बघा. आणि मोजमापाच्या तक्त्यात चिप, रॅम, कंपायलर यांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा : कोणत्या वर्गात चालवलं.