काळी खपली शोधा
पावसाळ्यात गवता-झुडपांत वावरताना चिगर नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी चावते; ८-१० दिवसांनी ताप भरतो. हा स्क्रब टायफस. २०१८ मध्ये विदर्भात त्याने बळी घेतले. चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती सहसा दुखत नाही, आणि अनेकदा असते काखेत, जांघेत, स्तनांखाली. म्हणजे संकोचापायी तपासणी टळते नेमकी तिथे. काहींना तर ती उमटतच नाही. पेनिसिलीन इथे कुचकामी. डॉक्सिसायक्लिन हे औषध मात्र लागू पडते, आणि तेही स्वस्त. वेळेत मिळाले तर ताप बहुधा २ दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू धोक्यात. म्हणूनच दाट संशय असेल तर रक्ताच्या अहवालासाठी उपचार थांबवत नाहीत. ताप येण्याआधी शेतात, रानात गेला असाल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा.