पत्र्याखालची कार्यशाळा

घरामागील मोकळ्या जागेत पंधरा बाय वीस फुटांची पत्र्याची शेड उभारून तीत लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा संच अथवा सुतारकामाची यंत्रे मांडण्याची इच्छा अनेकांना असते. कोणाला निवृत्तीनंतर हाताला काम हवे असते, तर कोणाला नोकरी सांभाळून जोडधंदा. कारागिराशी बोलणे होते ते मात्र बहुधा पत्रा, अँगल आणि दरवाजा यांच्याविषयीच. छपराखालचा उष्णतारोधक थर आणि विजेची सुरक्षित जोडणी हे विषय अंदाजपत्रकाच्या तळाशी येतात, आणि पैसे कमी पडू लागले की प्रथम त्यांनाच कात्री लागते. अशी शेड दिसावयास देखणी असते. परंतु मे महिन्यात तीत कोणी बसू शकत नाही आणि जुलैत बसणाऱ्याच्या जिवाला धोका संभवतो.

पत्रा हे खरे पाहता अतिशय गुणी साहित्य आहे. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडल्या की तो पातळ असूनही ताठ होतो, हे ओळखून लंडनच्या गोदीचे अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि गंजाचा प्रश्न बराचसा सुटला. आज बाजारात मिळणाऱ्या रंगीत पत्र्यावर रंगाखाली अनेकदा ॲल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्रणाचा लेप असतो. त्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असते. हा पत्रा ग्राइंडरने कापू नये. तापलेल्या ठिणग्या लेपात रुतून बसतात आणि पहिल्याच पावसाळ्यात तेथे तांबूस ठिपके उमटतात. कात्रीने कापलेली कड अधिक काळ टिकते.

सांगाड्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ते काम आपल्याकडचे फॅब्रिकेटर चांगले करतात. जोते भोवतालच्या जमिनीहून फूट-दीड फूट उंच असावे, कोब्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही, आणि वेल्डिंगचा प्रत्येक सांधा घासून त्यावर रेड ऑक्साईड लावावे. छपराचे स्क्रू रबरी वायसरसह पन्हळीच्या माथ्यावर घ्यावेत, पाणी वाहते त्या खळग्यात नव्हे. किनारपट्टीवर मात्र स्क्रूंच्या संख्येत काटकसर नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असंख्य घरांचे पत्रे उडाले. वारा प्रथम कडेचा व कोपऱ्याचा पत्रा उचलतो. म्हणून तेथील स्क्रू अधिक दाट असावेत.

आता उष्णतेकडे वळू. पोलादातून उष्णता किती सहज वाहते याची कल्पना एका तुलनेने येईल. थर्माकोलच्या मानाने पोलादाची उष्णतावहनक्षमता हजार पटींहून अधिक आहे, आणि पत्र्याची जाडी तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. नागपूर, जळगाव किंवा बडोद्याच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा साठ अंशांच्या पुढे सहज तापतो. अशा छपराखाली बसलेल्या माणसाला जो ताप जाणवतो, तो केवळ गरम हवेचा नसतो. गरम हवा हलकी असल्याने वरच राहते. खाली येते ती मुख्यतः तापलेल्या पत्र्याची प्रारणे, विस्तवासमोर बसल्यावर चेहऱ्याला लागते तशी झळ. म्हणूनच पंखा लावूनही डोके तापलेलेच राहते.

या झळीवरील पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छपराचा रंग पांढरा ठेवणे. अहमदाबाद महापालिकेच्या उष्माघातविरोधी कार्यक्रमात पांढऱ्या छपरांचा समावेश झाला आहे, आणि तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. दुसरा उपाय चकचकीत ॲल्युमिनियमच्या पडद्याचा. हवेच्या फुग्यांचा असा पडदा सर्वत्र मिळतो, मात्र तो बसविण्यात हमखास चूक होते. पत्र्याला घट्ट चिकटवून टाकलेला पडदा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण पत्र्याची उष्णता थेट स्पर्शाने त्यात उतरते. चकाकती बाजू आणि पत्रा यांच्यामध्ये किमान इंचभर मोकळी हवा हवी. कारागीर ‘दोन्ही एकच’ म्हणत असेल तर त्याचे ऐकू नये.

या हवेच्या थराचे मर्म जाणणारा एक प्रांत आपल्याच देशात आहे. १२ जून १८९७ च्या प्रलयंकारी भूकंपात आसाम-मेघालयातील दगडविटांच्या इमारती कोसळल्या. त्यानंतर लाकडी सांगाडा, वेताच्या जातीच्या इक्रा गवताच्या भिंती आणि वर पन्हळी पत्रा अशी हलकी घरे तेथे रूढ झाली. गुवाहाटी-शिलाँगकडे राहिलेल्या मराठी मंडळींना ही ‘आसाम टाईप’ घरे परिचित असतील. त्या घरांत पत्र्याखाली बांबूच्या चटईचे अथवा फळ्यांचे छत असते आणि दोहोंमधील पोकळीतील गरम हवेला बाहेर पडण्यासाठी त्रिकोणी भिंतीत झरोके ठेवलेले असतात. कार्यशाळेसाठी हेच तत्त्व वापरावे. फक्त चटईऐवजी सिमेंट-फायबरचे तक्ते घ्यावेत, कारण येथे ठिणग्या उडणार आहेत.

ठिणगीचा हा विचार थर्माकोलच्या बाबतीत अधिकच गंभीर आहे. थर्माकोल स्वस्त, हलका आणि उत्तम उष्णतारोधक. परंतु तो वितळतो, पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वेल्डिंग व ग्राइंडिंग जेथे चालते तेथे उघडा थर्माकोल किंवा उघडा फोम लावणे म्हणजे डोक्यावर सरपण रचून ठेवणे होय. रॉकवूल वा ग्लासवूल यांना आगीचे भय नाही. ते थोडे महाग पडतात, पण पैसे खर्चावयाचे ते येथेच.

कोकणात आणि ईशान्येकडे उष्णतेइतकाच त्रास ओलाव्याचा. निरभ्र रात्री पत्रा झपाट्याने थंड होतो, शेडमधील दमट हवा त्याला आतून स्पर्श करते आणि पत्र्याला घाम फुटतो. सकाळी लेथच्या पाट्यावर पाण्याचे थेंब आणि आठवडाभरात गंजाची तांबूस साय! लोक समजतात की छप्पर गळते आहे, आणि वरून डांबर फासत बसतात. उपाय आहे तो आतल्या बाजूने: उष्णतारोधक थराच्या खाली बाष्परोधक पडदा लावावा आणि त्याचे सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. तसे न केल्यास ग्लासवूल पाणी शोषते, जड होते, आणि मग त्याचा उपयोग उरत नाही.

विजेच्या बाबतीत पत्र्याची शेड ही विटांच्या खोलीहून सर्वस्वी निराळी वस्तू आहे. विटांच्या भिंतीला उघडी तार टेकली तर ती भिंत सहसा जीवघेणी ठरत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र एका ठिकाणी तार सोलली गेली की दरवाजा, खिडकी, खांब असे सर्वांगच विद्युतभारित होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अलीकडच्या काळात दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत्यू विजेच्या धक्क्याने नोंदले गेले आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

‘अर्थिंग केले आहे, आता भीती नाही’ असे पुष्कळांना वाटते. थोडे गणित करून पाहू. समजा, अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. उन्हाळ्यात कोरड्या मुरमाच्या किंवा जांभ्याच्या जमिनीत तो इतका सहज होतो. २३० व्होल्टला २० ने भागले तर साडेअकरा अँपिअर येतात. म्हणजे तार शेडला टेकली असता जमिनीत फार तर इतका प्रवाह जाईल. मुख्य एमसीबी ३२ अँपिअरचा असेल तर त्याला यात काहीच वावगे वाटत नाही! तो पडणार नाही, आणि शेड तासन् तास भारित राहील. याउलट ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखणारे उपकरण, शेकडो पटींनी कमी गळतीलाही क्षणार्धात वीज तोडतो. म्हणून दोन्ही हवेत: शेडचा सांगाडा व प्रत्येक यंत्राचे अंग जाड तारेने अर्थिंगला जोडलेले, आणि मंडळावर आरसीसीबी. त्यावरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी. किंमत काय ती बोटभर श्रमाची.

तारेची जाडी हा दुसरा विषय. घराच्या मीटरपासून शेड ४० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तार ८० मीटर झाली. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत तिचा रोध सुमारे ०.६ ओहम भरतो. दोन अश्वशक्तीचा काँप्रेसर चालताना सुमारे १२ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाचपट. त्या क्षणी तारेतच ३५ व्होल्ट हरवतात. मोटर नुसती घुमते, उचलत नाही आणि अखेर जळते. दोष मोटरच्या कंपनीला दिला जातो! हीच केबल दहा चौरस मिलिमीटरची असती तर नुकसान ९ व्होल्टच्या आत राहिले असते. केबल आर्मर्ड घेऊन सुमारे पाऊण मीटर खोल, वाळूत व वर विटा घालून पुरावी.

शेडच्या आत तारा पत्र्यामागे लपवू नयेत. उद्या कोणी मांडणीसाठी एक स्क्रू ठोकील आणि तो नेमका तारेतून जाईल. पीव्हीसी नळीतून, डोळ्यांना दिसतील अशा, आणि पत्रा ओलांडताना रबरी कड्यातूनच त्या न्याव्यात. परदेशी यंत्रांच्या वायरीत निळी तार न्यूट्रलची असते, तर आपल्याकडील प्रचलित पद्धतीत निळा हा तिसऱ्या फेजचा रंग आणि न्यूट्रल काळा. जोडणी करणाऱ्याला हे आधी सांगितलेले बरे. दिव्यांबाबत एक छोटी सूचना: लुकलुकणाऱ्या प्रकाशात फिरता चक कधी कधी थांबल्यासारखा भासतो. लेथवरचा दिवा त्या दृष्टीने पारखून घ्यावा.

हे सर्व काम परवानाधारक ठेकेदाराकडून करवून चाचणी अहवाल लेखी घ्यावा. बांधकामापूर्वी ग्रामपंचायत वा नगरपालिकेकडे चौकशी करावी. शेडमध्ये विक्रीसाठी माल बनणार असेल तर घरगुती जोडणीवर यंत्रे चालवू नयेत; वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. गृहविम्याच्या कागदांत शेडचा व त्यातील यंत्रांचा उल्लेख आहे का, आणि व्यवसायासाठी केलेला वापर त्यात बसतो का, हे दावा करण्याची वेळ येण्यापूर्वी पाहून घ्यावे. यंत्रांची बिले, केबलची पावती आणि चाचणी अहवाल एकाच पाकिटात, शेडमध्ये नव्हे तर घरात ठेवावेत.