छत्तीस छायाचित्रांचा जमाखर्च

मोबाइलवर हजारो छायाचित्रे साठवणारी तरुण पिढी अलीकडे पुन्हा फिल्मच्या कॅमेऱ्याकडे वळताना दिसते. आजोबांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेला आग्फा क्लिक किंवा याशिका बाहेर निघतो, त्याच्यावरची धूळ झटकली जाते आणि सुट्टीच्या प्रवासात तो सोबत नेण्याचा हट्ट होतो. महाराष्ट्रात स्थायिक झालेली अनेक जैन व्यापारी कुटुंबे राजस्थानातील पाली, सिरोही, जालोर या जिल्ह्यांतून आलेली आहेत. सुट्टीत मूळ गावी जावे, वाटेत रणकपूरचे आणि अबूचे दर्शन घ्यावे, उदयपूरच्या तलावाकाठी दोन दिवस राहावे, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. अशा आठ दिवसांच्या प्रवासात फिल्मचा कॅमेरा न्यावा का, त्याला खर्च किती येतो आणि तो खर्च केवळ पैशांचाच असतो का, याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

रोलचा हिशेब

पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलवर ३६ छायाचित्रे निघतात. आग्फा क्लिकसारख्या जुन्या पेटी-कॅमेऱ्यात मोठा १२० क्रमांकाचा रोल लागतो आणि त्यावर केवळ १२ चौकोनी छायाचित्रे मिळतात. रोलचा भाव ब्रँडप्रमाणे आणि महिन्यागणिक बदलतो. तरीही हिशेबापुरता पस्तीस मिलिमीटरच्या रंगीत रोलला १,००० रुपये आणि तो धुऊन स्कॅन करण्यास ५०० रुपये असा दर धरला, तर एका रोलमागे १,५०० रुपये, म्हणजे प्रत्येक वेळी बटण दाबताना सुमारे ४२ रुपये खर्ची पडतात.

आठ दिवसांसाठी चार रोल घेतले, तर १४४ छायाचित्रांचे ६,००० रुपये होतात. व्यवहारी माणूस येथेच थांबत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या झाकणाभोवतीचा फोम कालांतराने कुजतो आणि फटीतून प्रकाश आत शिरतो. तो बदलून घेण्यास व कॅमेरा साफ करण्यास २,००० रुपये धरावेत. निघण्यापूर्वी एक रोल चाचणीसाठी वापरणे शहाणपणाचे, त्याचे आणखी १,५०० रुपये. एकूण ९,५०० रुपये झाले. नवशिक्याच्या हातून काही छायाचित्रे काळवंडतात, काही हलतात. १४४ पैकी १०० ठेवण्याजोगी निघाली, तर प्रत्येक छायाचित्र ९५ रुपयांना पडले. त्यांचे कागदी प्रिंट काढण्याचा खर्च निराळाच.

खर्च निम्म्यावर आणण्याचा एक मार्ग आहे. १९५९ मधील ऑलिंपस पेन किंवा २०२४ मध्ये बाजारात आलेला पेंटॅक्स १७ यांसारखे ‘हाफ फ्रेम’ कॅमेरे एका चौकटीच्या जागेत दोन छायाचित्रे बसवतात. ३६ च्या रोलवर ७२ छायाचित्रे मिळतात. मात्र ती आकाराने लहान असल्याने मोठ्या प्रिंटमध्ये दाणे अधिक दिसतात.

या महागाईमागे बाजाराचे सरळ गणित आहे. डिजिटल कॅमेऱ्यांनी मागणी कोसळवली. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीला जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीविरुद्ध न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. १९६० मध्ये उटी येथे स्थापन झालेला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी उद्योग आपल्या ‘इंदू’ या ब्रँडसह बंद पडला. आज भारतात विकला जाणारा रोल परदेशातून येतो. त्याच्या किमतीत आयातशुल्क, वाहतूक, डॉलरचा दर आणि फिल्मवरील चांदीचा भाव हे सारे मिसळलेले असते.

प्रवासातील व्यवहार

पैसे खर्च करण्याची तयारी असली, तरी प्रवासात काही पथ्ये पाळावी लागतात. विमानाने जाताना रोल कधीही ‘चेक-इन’ सामानात ठेवू नये, कारण तेथील तपासणी यंत्रांच्या तीव्र किरणांनी फिल्म खराब होते. हातातील सामानाच्या जुन्या क्ष-किरण यंत्रांतून कमी संवेदनशीलतेचा रोल एक-दोनदा गेला तर सहसा बिघडत नाही. नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांपासून मात्र तो दूर ठेवावा, असा इशारा फिल्म बनवणाऱ्या कंपन्याच देतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासण्याची नम्र विनंती करावी. ती मान्य करणे सुरक्षाकर्मींच्या मर्जीवर असते. मेट्रोच्या स्थानकांवरही सामान क्ष-किरणांखालून जाते आणि प्रत्येक खेपेचा परिणाम साठत जातो, हेही ध्यानात ठेवावे.

उष्णता हा फिल्मचा दुसरा शत्रू आहे. उन्हाळ्यात राजस्थानात उभ्या केलेल्या मोटारीत रोल विसरला, तर रंग बिघडतात. रणकपूरच्या संगमरवरासमोर कॅमेऱ्याचे प्रकाशमापक हमखास फसते. शुभ्र दगडाला ते अतिप्रकाश समजते आणि छायाचित्र करडे येते, म्हणून तेथे एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. मंदिराच्या सावलीतील स्तंभांसाठी आयएसओ ४०० चा रोल लागतो, तर उघड्या उन्हात आयएसओ १०० किंवा २०० पुरेसा होतो. देलवाड्याच्या मंदिरांत छायाचित्रणास पूर्ण मनाई आहे, तेथे कॅमेरा बाहेर ठेवूनच दर्शन घ्यावे.

रोल भरल्यावर पुढचे छायाचित्र ओढताना डावीकडील गुंडाळणीची कळ फिरते की नाही ते पाहावे. ती फिरत नसेल, तर रोल अडकलाच नाही असे समजावे. असे झाल्यास संपूर्ण सहलीचे एकही छायाचित्र येत नाही आणि ही गोष्ट घरी परतल्यावरच कळते. रंगीत रोल धुणाऱ्या प्रयोगशाळा आता मोठ्या शहरांत मोजक्याच उरल्या आहेत. लहान गावातून रोल कुरिअरने पाठवावा लागतो आणि छायाचित्रांसाठी काही दिवस वाट पाहावी लागते.

फिल्मच्या थरात काय असते?

येथवरचा हिशेब कोणत्याही कुटुंबाला लागू आहे. जैन कुटुंबाच्या वहीत मात्र आणखी एक रकाना आहे, आणि तो बहुधा कोरा राहतो.

फिल्मवर प्रकाश टिपणारे चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. हे स्फटिक ज्या थरात धरून ठेवलेले असतात, तो थर जिलेटिनचा असतो. जिलेटिन गुरांच्या हाडांपासून व कातड्यापासून, तसेच डुकराच्या कातड्यापासून काढले जाते. रंगीत असो वा कृष्णधवल, कोणत्याही परिचित कंपनीचा रोल याला अपवाद नाही. तत्काळ छायाचित्र देणाऱ्या इन्स्टंट फिल्मचीही हीच स्थिती आहे.

सहलीतील छायाचित्रण आणि जिलेटिन यांचा संबंध तर जन्मापासूनचा आहे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा थर देत. हे द्रव्य कापसावर आम्लांची प्रक्रिया करून बनवले जाई. परंतु ती काच ओली असतानाच छायाचित्र घेऊन काही मिनिटांत धुवावी लागे, त्यामुळे प्रवाशाला तंबू, रसायने आणि काचा यांचे ओझे बाळगावे लागे. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी जिलेटिनचा कोरडा थर सुचवला. कोरडी काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली आणि मागाहून सवडीने धुता येऊ लागली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी २५ डॉलरचा कोडॅक कॅमेरा आणला. त्यात १०० छायाचित्रांचा रोल भरलेला असे, आणि तो संपला की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. सामान्य माणसाची सहल अशा रीतीने छायाचित्रात उतरू लागली.

पुढे १९२० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांना असे आढळले की, फिल्मची संवेदनशीलता जिलेटिनमधील गंधकयुक्त अंशावर अवलंबून असते आणि तो अंश गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गातील वनस्पतींतून येतो. १९३० मध्ये कोडॅकने जिलेटिनचा कारखानाच विकत घेतला. पाण्यात फुगून रसायने आत घेणारा आणि सुकल्यावर पुन्हा घट्ट होणारा असा दुसरा पदार्थ फिल्म उद्योगात आजवर रुळलेला नाही. स्वयंपाकघरात जेलीसाठी चायना ग्रास आहे, औषधांसाठी वनस्पतिजन्य कॅप्सूल आहे. बाजारातील रोलसाठी तसा पर्याय नाही.

ज्या घरात मुलांच्या गोळ्या-चॉकलेटच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली जातात, त्या घराला रोलसाठी निराळे माप लावता येणार नाही. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि तिला अनुमोदन देणे या तिन्ही बाजू श्रावकाच्या विचारात येतात. रोल खाल्ला जात नाही, हे खरे. परंतु मागणी ही मागणीच असते, आणि मागणी म्हणजे काय हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मोबाइल सर्वथा निर्दोष आहे असेही नाही. तो घरात आधीच आहे आणि त्यावरील एका जास्तीच्या छायाचित्राला नवा थर लागत नाही, एवढाच फरक आहे. डिजिटल छायाचित्रांचे जे प्रिंट प्रयोगशाळेत चांदीच्या क्षारांच्या कागदावर काढले जातात, त्यांतही जिलेटिन असते. लग्नाचा अल्बम ठरवताना कागद कोणता, हे विचारून घ्यावे.

मर्यादा फिल्मविनाही पाळता येते

फिल्मकडे वळणाऱ्या तरुणांची ओढ केवळ हौस म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. छायाचित्रे मोजकी असली की माणूस थांबतो, प्रकाश पाहतो, समोरच्या व्यक्तीशी बोलतो आणि मग बटण दाबतो. हा संयम भोगोपभोगाचे परिमाण ठरवणाऱ्या परंपरेला नवा नाही. सहलीला निघताना कुटुंबाने ठरवावे की दररोज प्रत्येकाची फक्त १२ छायाचित्रे, आणि ती घरी पोहोचेपर्यंत पाहायची नाहीत. परतल्यावर सर्वांनी एकत्र बसून ३६ निवडावीत, उरलेली पुसून टाकावीत. फिल्म जे शिकवते ते येथे एक रुपयाही खर्च न करता साधते.

आणि ज्यांना फिल्मवर पैसे खर्चायचेच आहेत, त्यांच्यासाठी अधिक मोलाचे काम मूळ गावच्या घरात पडून आहे. पेटीतल्या पाकिटांत पणजोबांच्या दुकानाच्या, संघयात्रेच्या, आत्यांच्या लग्नाच्या निगेटिव्ह असतात. त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल, तर त्या नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत आणि विलंब परवडणारा नाही. अशा पट्ट्या इतरांपासून वेगळ्या ठेवाव्यात, बोटांचे ठसे न उमटवता कडेने धराव्यात आणि चांगल्या प्रयोगशाळेतून स्कॅन करून घ्याव्यात. नव्या रोलच्या ९,५०० रुपयांत त्यांतील बरेच काही वाचू शकेल, आणि त्यासाठी नवा रोल बनवावा लागणार नाही. स्कॅन झालेली छायाचित्रे घरातील वडीलधाऱ्यांना दाखवून प्रत्येकाचे नाव, गाव आणि वर्ष लिहून घ्यावे. चेहरे ओळखणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.