मंगळवारची कोल्हापूरवारी

गावातनं कोणी कोल्हापूरला निघाला, की त्याचं एकट्याचं काम राहत नाही, हे सभासद बंधु-भगिनींना सांगायला नको. गेल्या मंगळवारी आम्ही निघालो होतो मातीचा नमुना तपासायला द्यायला. लागणीआधी माती तपासा म्हणून याच पानावर आम्ही वरचेवर लिहितो, तेव्हा निदान स्वतःच्या रानाची तरी तपासावी! पण एस.टी.त पाय ठेवेपर्यंत एका पिशवीच्या चार झाल्या. चुलतभावाचा जळका स्टार्टर, शेजारच्या आप्पांची अंगठा तुटलेली चप्पल आणि आत्याबाईंनी अंबाबाईला दिलेली ओटी. "जाताय न्हवं, मग एवढं तेवढं न्यासा."

स्टँडजवळच्या मिस्त्रीनं स्टार्टर उघडला आणि रागानं आमच्याकडंच बघितलं. "रिले सारखा पडतोय म्हणून तार बांधलासा व्हय? रिले पडतोय म्हंजे एक फेज गेलीया, न्हाईतर मोटर लोड घेतीया. मोटर वाचली ते नशीब समजा." आम्ही मान खाली घातली. दुसऱ्याच्या वाटणीची बोलणी खाणं हेही भाऊबंदकीतच बसतं.

तिथून पापाच्या तिकटीला. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपल्याकडचे 4 आणि कर्नाटकातले 4 जिल्हे आहेत. पण आप्पांचा भरवसा तिकटीवरच्या एकाच कारागिरावर. चप्पल ठेवून घेतली, संध्याकाळी या म्हणाले. ओटी भरून झाली, आणि बिंदू चौकात चहाला थांबलो तोच मागून हाक आली, "आण्णा, तुम्ही हितं?"

आमच्याच गटातल्या एका सभासदाच्या मंडळी. मालक दोन वर्षांमागं वारले. वहिनींच्या हातात कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. कारखान्याचा भाग नावावर करून घ्यायचा म्हणून हा त्यांचा तिसरा हेलपाटा. अडचण काय, तर भागाच्या दाखल्यावर मालकांचं घरात हाक मारायचं नाव, आणि मृत्यूच्या दाखल्यावर शाळेतलं. माणूस एकच, कागदावर दोन! ऊस थोरल्याच्या नावानं बिगर-सभासद म्हणून जातोय. सभासदाची साखर बंद, सभेचं बोलावणं बंद.

आम्ही वहिनींबरोबर कचेरीत गेलो. अर्ज लिहिणाऱ्याच्या बाकावर दोन तास बसलो, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, साक्षीदार म्हणून सही ठोकली. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी एक फॉर्म भरला असता तर एवढी वणवण झाली नसती. दरवर्षी म्हणायचे, करू की, घाई काय."

हा फॉर्म म्हणजे नामनिर्देशनाचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 30 यासाठीच आहे. सभासद वारला, की त्यानं नेमलेल्या माणसाच्या नावे भाग वर्ग होतो. कुणाला नेमलंच नसेल, तर वारस कोण हे संचालक मंडळाला ठरवावं लागतं, आणि मग ह्या कागदांच्या पिशव्या सुरू होतात. नेमलेला माणूस एकटा मालक होतो असं मात्र नव्हे. बाकीच्या वारसांचा हक्क शाबूत राहतो. धाकट्याचं नाव घातलं तर थोरला रुसेल, या भीतीनं फॉर्म कोरा ठेवणारे आम्ही पुष्कळ बघितलेत, म्हणून एवढं लिहिलं.

वहिनींना त्यांच्या गाडीत बसवून दिलं. तोवर माती तपासणीची वेळ टळून गेली होती. चप्पल मिळाली, स्टार्टर मिळाला, मातीची पिशवी जशीच्या तशी परत आली. आप्पांनी चप्पल उलटीपालटी करून बघितली नि म्हणाले, "शिलाई जरा जाड वाटतीया."

रात्री जेवणं झाल्यावर ट्रंकेतनं आमचाच भागाचा दाखला काढला. सोबत नामनिर्देशनाची जुनी पोच होती. बरं वाटलं. चष्मा लावून नाव वाचलं, तर आमच्या मातोश्रींचं. मातोश्रींना जाऊन अकरा वर्षं झाली. बुधवारी सकाळी शेअर्स विभागाचं कुलूप निघायच्या आधीच आम्ही कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो होतो.