रूळ हवे तेवढे जमवा, ट्रान्सफॉर्मर जपून

इयरफोन लावायला सवड नाही त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं... अं...' काढलेत.

विषय सुचवला माझ्या पुतण्याने. तो सांगलीत अकरावीला आहे. मागे व्हिडिओ कॉलवर त्याला माझ्या बेसमेंटमधली खोकी दिसली आणि दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "काका, एवढे ट्रान्सफॉर्मर नुसते पडलेत, एक इंजिनासकट पाठव ना!" मी तडक नाही म्हटलं. पठ्ठ्या रुसला. नाही का म्हटलं, ते आज सांगतो.

आधी एक खुलासा. टॉय ट्रेन म्हटलं की आपल्याला माथेरान आठवतं. ती नव्हे. मी राहतो न्यू जर्सीत, आणि इथे टॉय ट्रेन म्हणजे ख्रिसमसच्या झाडाभोवती फिरणारी, पत्र्याच्या रुळांवरची विजेची गाडी. यातलं सगळ्यात मोठं नाव लायोनेल. जोशुआ लायोनेल काउएन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली, पुढे कारखाना आला न्यू जर्सीतल्या हिलसाइडला. १९५०च्या दशकात ज्या मुलांना या गाड्या मिळाल्या, ती आता ऐंशीच्या आसपास आहेत. मोठी घरं विकली जातात, माळे रिकामे होतात, आणि खोकी येतात गॅरेज सेलमध्ये. तिथे माझ्यासारखे सकाळी सातला हजर.

यात गंमत अशी की सुटं काही मिळत नाही. मला हवे होते दोन सांधे, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर नेणारे स्विच. मिळालं अख्खं खोकं, वीस डॉलरला. त्यात चाळीसेक रूळ, गंजलेले दोन डबे आणि तळाशी एक काळा, विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. असं दहा-बारा वेळा झालं की बेसमेंट भरतं. बायको म्हणते, इथे भंगारवाला दारात येत नाही याचा तू गैरफायदा घेतोस. खरंय.

रुळांबद्दल मात्र मला अपराधी वाटत नाही. ही पोकळ पत्र्याची नळी असते, वर कथिलाचा मुलामा. आपल्या रेल्वेला दोन रूळ, हिला तीन. मधल्या रुळातून वीज येते, इंजिनाखालची छोटी चाकं ती उचलतात, आणि बाहेरच्या दोन रुळांतून ती परत जाते. 'ओ' गेजमध्ये बाहेरच्या दोन रुळांमधलं अंतर सव्वा इंच. आठ वळणाचे तुकडे जोडले की ३१ इंच व्यासाचा गोल होतो. त्याच गेजचा एक बुटका, स्वस्त प्रकार आहे, त्याचा गोल २७ इंचांचा. दोन्ही एकाच खोक्यात येतात आणि उंची वेगळी असल्याने सरळ जुळत नाहीत. पहिल्या महिन्यात मी यावर एक अख्खा रविवार घालवलाय.

रूळ विकत घेताना तीन गोष्टी बघायच्या. टोकाच्या पिना घट्ट आहेत का? सैल असतील तर पक्कडीने नळीचं तोंड दाबा, झालं. मधल्या रुळाखाली कागदासारखी इन्सुलेशनची पट्टी असते, ती फाटली असेल तर शॉर्ट होणार. आणि गंज वरवरचा आहे की नळीच्या आतून? वरचा निघतो. पण स्टील वूलने घासू नका, त्याचे बारीक तुकडे इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. अल्कोहोल आणि भांडी घासायची हिरवी घासणी पुरते. एवढं केलं की सत्तर वर्षांचा रूळ परत कामाला लागतो. बिघडला तरी फार तर गाडी थांबेल.

ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. यातला राजा म्हणजे झेडडब्ल्यू. १९४८ला आला तेव्हा २५० वॅटचा, पुढे २७५ वॅटचा झाला आणि १९६६पर्यंत निघत होता. दोन टोकांना दोन मोठे हँडल, एकावर चार गाड्या चालतात. एक हँडल हातात घ्या, तुम्हीही विकत घ्याल. मी तीन घेतले. पण त्या वयाच्या कुठल्याही ट्रान्सफॉर्मरची रबरी वायर आधी वाकवून बघा. कडक होऊन तडकली असेल तर प्लग लावायचाच नाही. जाणकाराकडून वायर बदलून घ्यायची, मग पुढचं.

आता माझी चूक. माझा लूप मोठा झाला, तर लांबच्या टोकाला गाडी दमायला लागली. मी डोकं लावलं आणि दुसरा छोटा ट्रान्सफॉर्मर त्याच रुळांना तिकडून जोडला. गाडी छान पळाली. नंतर तो दुसऱ्या सॉकेटमध्ये लावायचा म्हणून मी त्याचा प्लग काढला, पहिला चालूच होता. काढलेल्या प्लगच्या पात्यांना बोट लागलं आणि असा झटका बसला की कोपरापर्यंत हात बधिर. प्लग भिंतीत नव्हता, माझ्या हातात होता! त्या वेळी माझी चार वर्षांची मुलगी शेजारी बसली होती. तो प्लग जमिनीवर ठेवला असता तर तिने नक्की उचलला असता.

झालं काय? ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. भिंतीतले १२० व्होल्ट एका बाजूने दिले की दुसऱ्या बाजूने १८ निघतात. पण रुळावरून उलटे १८ दिले, तर प्लगच्या टोकांवर १२०च्या आसपास तयार होतात. पहिला ट्रान्सफॉर्मर रुळांमार्फत दुसऱ्याला उलटा चालवत होता. पुस्तकात हे मी शिकलेलो होतो, हो. बेसमेंटमध्ये आठवलं नाही.

दुसरा धोका फेजचा. जुन्या प्लगची दोन्ही पाती सारखीच, त्यामुळे तो कसाही बसतो. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांच्या उलट लागले तर दोन विभागांच्या सांध्यावर १८ आणि १८ मिळून ३६ व्होल्ट येतात, आणि इंजिन तो सांधा ओलांडताना ठिणग्या उडतात. तपासायला सोपं आहे: दोघांची कॉमन टोकं एका वायरने जोडा, दोन्ही हँडल सारखे ठेवा, आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये मीटर लावा. शून्याजवळ आलं तर ठीक. दुप्पट आलं तर एकाचा प्लग फिरवा आणि त्यावर रंगाचा ठिपका द्या. आता माझे सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच स्विचच्या पट्टीवर आहेत. सगळे एकदम चालू, एकदम बंद. मधूनच एकाचा प्लग काढायचा नाही.

मग सांगलीला का नाही? तिथे भिंतीत २३० व्होल्ट. १२०चा ट्रान्सफॉर्मर थेट लावला तर काही क्षणांत धूर. स्टेप-डाउन मध्ये घातला तरी वीज ६०ऐवजी ५० हर्ट्झची, त्यामुळे तो जास्त तापतो. आणि सत्तर वर्षांची वस्तू सोळा वर्षांच्या मुलाच्या खोलीत, पलंगाखाली. नको रे बाबा.

पण त्याला मी अगदीच रिकाम्या हाती ठेवलं नाही. रूळ पाठवले, एक इंजिन पाठवलं. या इंजिनांची मोटर एसीवर चालते तशी डीसीवरही चालते. म्हणून त्याला तिथेच करंट मर्यादा असलेला नवा डीसी पॉवर सप्लाय घ्यायला लावला, इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असतो तसला. गाडी पहिल्याच झटक्यात पळाली.

रात्री वहिनीचा फोन. "भाऊजी, ती शिट्टी बंद कशी करायची? अर्धा तास झाला वाजतेय."

हे मी विसरलो होतो. या गाड्यांत शिट्टी वाजवायला एसीच्या प्रवाहात थोडा डीसी मिसळतात, आणि इंजिनामागच्या टेंडरमधला रिले तेवढ्याचीच वाट बघत असतो. सगळा प्रवाहच डीसी म्हटल्यावर तो काय करणार बिचारा! सांगितलं, टेंडर काढा आणि साधा डबा जोडा. टेंडर आता त्याच्या पुस्तकांच्या कपाटावर आहे म्हणे, आणि त्याला दुसरं इंजिन हवंय.