रायपूर जिल्हा कसा घडला

1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर पूर्वेकडील मोहिमेवर निघाले असता छत्तीसगडात शिरले, तेव्हा त्या प्रांताचे मुख्य राजपीठ रायपूर नव्हते. ते उत्तरेस, डोंगरांच्या पायथ्याशी, रतनपूर येथे होते. रायपुरास हैहयवंशाची धाकटी शाखा नांदत होती. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा गड, अशी छत्तीसगड या नावाची परंपरागत उपपत्ती सांगतात.

वस्ती मात्र फार जुनी. 1402 सालच्या शिलालेखात रायपूरच्या ब्रह्मदेव राजाचे नाव आढळते. त्याच राजाच्या काळी, 1415 मध्ये, खल्लारी येथे देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे देवालय उभारले व त्याचा लेख कोरविला. राजांच्या वंशावळीपेक्षा तत्कालीन समाजाविषयी हा एकच लेख अधिक सांगून जातो.

चौऱ्याऐंशी गावांचा एक गड, त्यात बारा बारा गावांचे गट, आणि प्रत्येक गावी एक गौंटिया, अशी जुन्या राज्याची रचना मानली जात असे. रतनपूरच्या वृद्ध रघुनाथसिंहाने भास्करपंतांपुढे शरणागती पत्करली. पुढे रायपूरच्या अमरसिंहाचेही राज्य गेले आणि रायपूर, राजिम व पाटण एवढाच मुलूख सालीना सात हजार रुपयांच्या खंडणीवर त्याच्याकडे उरला. 1758 च्या सुमारास बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, आणि दोन्ही शाखांचा मुलूख पुन्हा एका हाताखाली आला. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. दरबारात मराठी व मोडी लिपी आली. दसऱ्यास सोने वाटण्याची चालही त्यांनीच या प्रांतात रूढ केली, असे सांगतात.

1787 मध्ये बिंबाजी वारले. त्यांच्यानंतर आलेल्या व्यंकोजींनी नागपुरातच राहून सुभेदारांकरवी कारभार चालविला. सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी गडांची जुनी रचना मोडून परगणे पाडले. परगण्यावर कमाविसदार, हिशेबास फडणवीस, आणि वसुलाचा भार अखेर गावच्या गौंटियावर. सुभेदारी मक्त्याने दिली जाई. मक्त्याची भर रयतेच्या धान्यातूनच निघावयाची, हे उघड आहे.

सीताबर्डीच्या लढाईनंतर, 1818 मध्ये, राज्याचा कारभार अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेला. छत्तीसगडचे अधीक्षक अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य कचेरी रतनपुराहून रायपुरास आणली. नकाशा पाहिला की कारण कळते. रतनपूर एका कडेला पडते; रायपूर भाताच्या मैदानात, नागपूर-संबळपूर वाटेवर. राजाला डोंगराचा आसरा हवा असतो, महसुली कचेरीला रयत आणि रस्ता. अ‍ॅग्न्यूंनी सत्तावीस परगण्यांचे आठ केले. पुढे बालोद नववा झाला. 1830 मध्ये मुलूख भोसल्यांस परत मिळाला, तरी त्यांचा जिल्हेदार रायपुरासच बसू लागला. दप्तर रतनपुरास परत गेले नाही. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. छत्तीसगडचा एकच जिल्हा होऊन त्याचे ठाणे रायपूर ठरले. त्यातून 1861 मध्ये बिलासपूर आणि 1906 मध्ये दुर्ग हे जिल्हे निघाले.

पण जिल्हा म्हणजे केवळ सीमा नव्हेत. कोणते शेत कोणाचे, हेही त्यात ठरावे लागते. येथे तर मोठीच अडचण होती. या मैदानात 'लाखाबाटा' नावाची चाल होती. गावातील काळी कन्हार, पिवळसर मटासी, मधली डोरसा आणि मुरमाड भाठा अशा प्रत्येक जातीच्या जमिनीत प्रत्येक शेतकऱ्यास त्याच्या नांगरांच्या प्रमाणात वाटा मिळे, आणि काही वर्षांनी ते वाटे मोडून पुन्हा वाटणी होई. एकाने कायम उत्तम बांध धरावा व दुसऱ्याने भाठ्यावर घाम गाळावा, असे होऊ नये, हा त्यातील न्याय. अर्थात गौंटियाच्या मर्जीला वाव होताच. परंतु शेत कोणा एकाचे कायमचे नव्हते.

1860 नंतरच्या दशकात ह्यूइट यांनी रायपूरची जमाबंदी केली व 1869 मध्ये तिचा अहवाल दिला. गौंटिया, जो पूर्वी गावचा वसूल करून भरणारा होता, तो आता मालगुजार, म्हणजे गावाचा मालक ठरला. शेतांवर नावे चढली. फेरवाटणी हळूहळू थांबली, आणि त्या क्षणी ज्याच्याकडे जे तुकडे होते ते त्याच्याकडेच राहिले. एका कुटुंबाची दहा ठिकाणी विखुरलेली लहान लहान खाचरे या भागात पुढेही दिसत राहिली, ती याच जुन्या वाटणीची खूण. मालगुजारी 1951 मध्ये कायद्याने संपली. खाचरांचे बांध मात्र त्या कायद्याने हलले नाहीत.